पहिलं वचन माझ्या वाट्याला

चिक्कडपल्ली, हैदराबाद
१० मार्च २०२५

रंजनावन्सं,

सलाम. पोस्टाचा कागद बघून घाबरू नका, कोणी गेलेलं नाही. सगळे आहेत. तुमचे भाऊ तर जरा जास्तच आहेत.

पत्र लिहायची पाळी त्यांच्यामुळेच आली. राखेच्या बुधवारी पाळकसाहेब म्हणाले, यंदा लेंताच्या चाळीस दिवसांत नुसतं मटण सोडून भागणार नाही, जे सोडताना जीव वरखाली होईल ते सोडा. मी चहा सोडावा की पान, असा विचार करत होते, तेवढ्यात तुमचे भाऊ भर मंडळीत बोलले, "हिचा मोबाईल." सगळं चर्च हसलं. आता मोबाईल तांदळाच्या डब्यात आहे आणि ईस्टरपर्यंत तिथेच राहणार. मसाल्याच्या ऑर्डरी हे घेतात. समोरच्या अपार्टमेंटमधल्या त्या पुण्याच्या केतकीबाईंनी काळा मसाला सांगितला, ह्यांनी गोडा ऐकला. बाई घरी आल्या, मी कारण सांगितलं, तर विचारतात, "म्हणजे तुमचा चातुर्मासच ना?" म्हटलं हौ, तसंच समजा, पण आमच्यात कांदा चालतो.

आता मुद्द्याचं. उत्तम शुक्रवारच्या तीन तासांच्या उपासनेत क्रुसावरच्या सात वचनांवर दरवर्षी सात पुरुष बोलतात. यंदा पाळकसाहेबांनी सातही वचनं महिला मंडळाला दिली. भांडण नको म्हणून चिठ्ठ्या टाकल्या. मी देवाला म्हटलं, पाचवं दे, तहानेचं. त्यात बोलायला काही लागत नाही. उन्हाळा आहे, टँकर येत नाही, झालं भाषण.

मला निघालं पहिलं. क्षमेचं.

चिठ्ठी वाचून दाखवली. एकीने खोकून घेतलं. गंगूबाई, आमच्या चर्चची झाडलोट करते ती, तिने तर झाडू थांबवला. आणि तहानेचं वचन गेलं शिल्पाला. तुमच्या धाकट्या भावजयीला. तिला जाऊ म्हणायला माझी जीभ उचलत नाही हे साऱ्या मंडळीला ठाऊक आहे, म्हणून तर तो खोकला.

तुम्हाला सगळं माहीत आहे, तरी लिहिते, कारण लिहिल्याबिगर माझं डोकं शांत होणार नाही. आई अंथरुणाला खिळल्या तेव्हापासून त्यांचं हगणंमुतणं, अंग पुसणं, भात मऊ करून भरवणं कोणी केलं? शिल्पा दिलसुखनगरहून रविवारी यायची. उस्मानिया बिस्किटं आणायची. आईंची वेणी घालायची, त्यांच्याबरोबर फोटो काढायची आणि बस चुकेल म्हणून पळायची. आणि आईंच्या मातीच्या दिवशी पाळकसाहेब काय म्हणाले? "आमच्या भगिनी शिल्पा यांनी सासूची जी सेवा केली ती सर्व सुनांनी बघावी." आणि ती बघत बसली. मान खाली घालून, डोळे पुसत. एका शब्दाने म्हणाली नाही की साहेब, ती मी नव्हे. त्या दिवसापासून मी तिच्याशी बोललेली नाही. मग ती घरी आली होती, मी दार उघडलं नाही.

आता ह्या तोंडाने मी क्षमेवर काय बोलू? तुम्ही मिशन हॉस्पिटलात मेट्रन होता, नर्सांना भाषणं करायचा. मला एक भाषण लिहून पाठवा. एकच पान, मोठ्या अक्षरात. मी चौथी शिकलेली आहे हे लक्षात ठेवा. आणि भाषण असं असावं की ऐकणाऱ्याला बरं वाटेल पण कोणाला खरंच माफ करावं लागणार नाही.

तुमची
जयवंता

*

जालना
१६ मार्च २०२५

प्रिय जयवंता,

ख्रिस्तात सप्रेम सलाम. तुझं पत्र दोनदा वाचलं. पहिल्यांदा हसले, दुसऱ्यांदा बसून वाचलं. एवढंच विचारते, मोबाईल तांदळात ठेवलास तसा जीभ ठेवायला डबा मिळाला नाही का? रागावू नकोस. वयाने मोठी आहे, तेवढा हक्क आहे मला.

भाषण सोबत पाठवते आहे. चार वेळा मोठ्याने वाच म्हणजे अडखळणार नाहीस. तुला हवं तसं मात्र जमलं नाही. क्षमेवर बोलायचं आणि कोणाला माफ करायला लागू नये, असं भाषण मला तरी लिहिता येईना.

दुसरा मार्गही आहे. तुला तहानेचं वचन हवं होतं, ते शिल्पाकडे आहे. तिच्याशी चिठ्ठी बदलून घे. त्यासाठी तिच्याशी एक वाक्य बोलावं लागेल. एका वाक्याने तू काही लहान होणार नाहीस.

एक विचारायचं होतं. पाळकसाहेब त्या वेळी तुमच्या मंडळीत नवे होते ना? घरातलं कोणी फारसं त्यांच्या ओळखीचं नसेल. त्यांनी शिल्पाचं नाव घेतलं तेव्हा नेमके शब्द काय होते? आणि त्यांना ते कोणी सांगितलं असेल असं तुला वाटतं? सहज विचारते आहे.

माझे गुडघे आहेत तसेच. चर्चपर्यंत रिक्षा लागते, आईच्या मातीलाही ह्यांच्यामुळेच येता आलं नाही. सुधीरला आशीर्वाद. त्याला सांग, बायकोचे दोष भर मंडळीत सांगायचे नसतात, घरीच पुरेसा वेळ असतो.

तुझी
रंजना

*

चिक्कडपल्ली
२२ मार्च २०२५

वन्सं,

सलाम. भाषण मिळालं. तुम्ही मेहनत केली, म्हणून शिव्या देत नाही. पण "क्षमा हा अथांग महासागर आहे" हे वाक्य माझ्या तोंडून निघणार नाही. हैदराबादेत समुद्र कुठे आहे? हुसेनसागर आहे, तर त्याच्या बाजूने जाताना आम्ही नाकाला पदर लावतो. आणि "द्वेषाच्या काटेरी कुंपणापलीकडे" म्हणजे कुठे? मी तुमच्या भावापुढे वाचून दाखवलं. दुसऱ्या परिच्छेदाला घोरायला लागले. जागं करून विचारलं, कसं होतं, तर म्हणतात, फार शांत वाटलं.

चिठ्ठी बदलायचं तुम्ही लिहिलंत. तुमच्या आधी तीच बोलली. गंगूबाईकडून निरोप आला, "ताईंना अवघड जात असेल तर मी पहिलं घेते, त्यांना पाचवं देते." मी म्हटलं नक्को. गंगूबाई म्हणाली, कायकू नक्को, तुम्हालाच पाहिजे होतं ना? आता तिला काय सांगू? शिल्पा क्षमेवर बोलायला उभी राहिली तर काय होईल? ती रडेल. तिला रडणं फार चांगलं जमतं. मग सगळी मंडळी म्हणेल, बघा, मोठीने एवढं तोंड फिरवलं तरी धाकटी कशी क्षमेवर बोलते. म्हणजे सेवा मी करायची, नाव तिचं. राग मी गिळायचा आणि क्षमाही तिचीच. त्यापेक्षा मी वर उभी राहून "आमेन" म्हणेन आणि खाली उतरेन.

तुम्ही नेमके शब्द विचारले. मागे लिहिलं त्या वाक्याच्या आधी हे होतं: "वृद्ध मातेला तहान लागली की तिच्या हाकेला ओ देणारी सून, भगिनी शिल्पा." कोणी सांगितलं असेल म्हणता? तिनेच. अजून कोणाला पडली होती?

आणि त्यात मला जास्त काय लागलं ते कोणाला ठाऊक नाही, तुम्हाला लिहिते. आईंचं डोकं शेवटी चालत नव्हतं. मला त्या शिल्पाच म्हणायच्या. वेणी घालणारी तेवढी ध्यानात राहिली, बाकीची गेली. सुरुवातीला मी सांगायचे, आई, मी जयवंता. तर घाबरायच्या, रडायच्या, जयवंता कोण, तिला घरात कोणी घेतलं म्हणायच्या. मग मी सांगणं सोडलं. "शिल्पा, पाणी दे" म्हणाल्या की "हौ आई, देते" म्हणायचे. घरात जिवंत असताना शिल्पा झाले, चर्चमध्ये गेले तर तिथेही शिल्पाच. मला नाव ठेवलं होतं कशाला माझ्या बापाने?

दुसरं भाषण पाठवा. महासागराबिगर.

जयवंता

*

जालना
२८ मार्च २०२५

प्रिय जयवंता,

सलाम. इकडे ऊन आत्ताच मे महिन्यासारखं झालं आहे. दुपारी खिडक्यांना ओल्या चादरी लावून बसते. शेजारचे नामदेवराव मोसंबी देऊन गेले, आंबट निघाली.

दुसरं भाषण सोबत आहे. अर्धं पानच आहे. महासागर काढला, कुंपण काढलं. आता त्यात फारसं काही उरलेलं नाही, पण तुला हेच आवडेल असं वाटतं.

आईच्या नावाच्या गोंधळाचं तू लिहिलंस ते वाचून मला जेवण गेलं नाही. हे तू मला तेव्हा का सांगितलं नाहीस? फोनवर एकदा तरी सांगायचं होतंस.

पाळकसाहेबांना कोणी सांगितलं याचा शोध आता घेऊ नकोस. इतका काळ गेला. ज्याने सांगितलं असेल त्याने वाईट मनाने सांगितलं नसेल. माणसाला जेवढं दिसतं, ऐकू येतं, तेवढ्यावरच तो बोलतो. तू त्या गोष्टीपाशी अडकून बसू नकोस, उत्तम शुक्रवार जवळ आला आहे. मनात प्रार्थना कर. मीही करते आहे, रोज.

गुडघ्यावर निर्गुडीचा पाला बांधते आहे. काही उपयोग नाही.

तुझी
रंजना

*

चिक्कडपल्ली
३ एप्रिल २०२५

वन्सं,

निर्गुडी राहू द्या. मला सगळं कळलं.

रविवारी उपासनेनंतर मी पाळकसाहेबांच्या खोलीत गेले, चिठ्ठी परत करायला. म्हटलं, साहेब, हे वचन दुसऱ्या कोणाला द्या, मला एका बाईला माफ करता येत नाही, खोटं बोलायला मी तिथे चढणार नाही. ते बिदरचे, हळू बोलणारे. म्हणाले, बसा. कोण बाई विचारलं नाही, ठाऊकच असणार. म्हणाले, "तुमच्या घरातलं मी त्या वेळी काय जाणत होतो? आदल्या दिवशीच बदली होऊन आलो होतो. तुमच्या जालन्याच्या नणंदबाईंनी फोनवर सांगितलं तेवढंच बोललो."

मी विचारलं, कोणी? ते म्हणाले, "रंजनाबाईंनी. त्यांनीच सांगितलं की शिल्पा रात्रंदिवस आईजवळ असायची. का, काही चुकलं का?"

मी म्हटलं काही नाही. आणि उठले. चिठ्ठी परत द्यायचं विसरले.

म्हणजे तुम्ही. इतके दिवस मी एका बाईवर दात खाते आहे आणि तुम्ही जालन्यात बसून मला महासागर लिहून पाठवता. "सहज विचारते आहे." "शोध घेऊ नकोस." का घेऊ नकोस ते आता समजलं. माझ्याच हाताने माझ्या चोराला विचारत होते की चोर कोण असेल.

आता तुमच्या भाषणाची गरज नाही. दोन्ही परत पाठवते. भाषण माझं मी करणार. पाळकसाहेब मला त्या दिवशी माईक देणार आहेत, सगळी मंडळी समोर असणार आहे, उपासनेतून कोणाला उठून जाता येत नाही. मी सगळं सांगणार. कोणी केलं, कोणाचं नाव झालं, कोणी फोन केला. त्यानंतर म्हणेन की आता मी तुम्हा सगळ्यांना क्षमा करते. पहिलं वचन, कामच झालं.

तुमचे भाऊ म्हणतात, असं करू नकोस. मी म्हटलं तुम्ही मोबाईलच्या वेळी विचारलं होतं का मला?

जयवंता

*

जालना
९ एप्रिल २०२५

जयवंता,

प्रिय लिहावं की नाही कळेना, म्हणून नुसतंच नाव लिहिलं आहे.

हो, फोन मीच केला होता. पाळकसाहेबांनी विचारलं, आईविषयी चार गोष्टी सांगा, आणि मी सांगितल्या. मी खोटं काही सांगितलं असं मला तेव्हा वाटलं नव्हतं. आता तूही थोडं ऐकून घे. मी रोज संध्याकाळी आईला फोन करायची. सुधीर तिच्या कानाशी धरायचा, ती घाबरेल म्हणून तोही तिला दुरुस्त करत नसावा. विचारलं की कोण आहे जवळ, तर म्हणायची शिल्पा. जेवू कोणी घातलं, शिल्पाने. कूस कोणी बदलली, शिल्पाने. बोलता बोलता हाक मारायची, "शिल्पा, पाणी दे," आणि मागून एक बाई म्हणायची, "हौ आई, देते."

तो आवाज तुझा होता. मी घरातली मोठी, तुझं लग्न माझ्यापुढे झालं आणि मला तुझा आवाज ओळखू आला नाही. मला वाटलं शिल्पा येऊन राहिली आहे आणि तू मसाल्याच्या कामात आहेस. तेव्हा मला तुझा थोडा रागही आला होता. म्हणजे बघ.

तुझ्या दुसऱ्या पत्रात ते वाचलं तेव्हा सगळं लक्षात आलं. तेव्हाच लिहायला हवं होतं. लिहायला बसले आणि मोसंब्यांबद्दल लिहिलं.

उत्तम शुक्रवारी तू उभी राहून सांगितलंस तर ते खरंच असेल. मी तुला अडवणार नाही. माझं नाव घ्यायचं असेल तर घे. गुडघे चालले असते तर मी स्वतः येऊन तुझ्या बाजूला उभी राहिले असते. फक्त शिल्पाचं नाव घेशील तेव्हा एकदा तिच्याकडे बघून घे. मग जे वाटेल ते बोल.

भाषण परत पाठवलंस, बरं केलंस. मीही ते परत वाचलं. वाईट होतं.

रंजना

*

चिक्कडपल्ली
२२ एप्रिल २०२५

वन्सं,

सलाम. मोबाईल डब्यातून निघाला. सुरू केला तेव्हा आधी तुमचाच फोन लावणार होते, पण फोनवर तुम्ही मध्ये मध्ये "अगं पण" म्हणाल आणि मला राग येईल. म्हणून कागदच. निवांत वाचा.

तुमच्या पत्राने माझं काही भलं झालं नाही, आधी तेच सांगते. राग गेला असता तर सोपं होतं. राग होता तिथेच राहिला, वर तुमची कीव यायला लागली. दोन्ही एकदम असलं की झोप लागत नाही. त्या आठवड्यात मी इतके मसाले भाजले की खालच्या मजल्यावरची तेलुगू म्हातारी वर आली, "अम्मा, आमचे डोळे गेले" म्हणाली.

उत्तम शुक्रवारी बाराला उपासना सुरू झाली. तुम्हाला ठाऊक आहे, आपल्यात तीन वाजेपर्यंत कोणी पाण्याला शिवत नाही. पंखे फिरत होते, पण गरम हवाच फिरवत होते. शिल्पा तिसऱ्या बाकावर, खिडकीशी. पांढरी साडी. पाळकसाहेबांनी माझं नाव घेतलं. मी गेले. ओठावर सगळं तयार होतं, क्रमाने, आधी हगणंमुतणं, मग बिस्किटं, मग तुमचा फोन.

तुम्ही लिहिलं होतं म्हणून बघितलं तिच्याकडे. ती माझ्याकडे बघत नव्हती. दोन्ही हातांनी बाकाची कड धरून बसली होती, इंजेक्शन घेताना लहान मूल बसतं तशी. तिला वाटत होतं मी बोलणार. आणि ती उठून गेली नव्हती. मला वाटलं होतं डोकं दुखतंय म्हणून येणारच नाही. ती आली होती आणि मार खायला बसली होती.

मग माझ्या तोंडून काय निघालं ते सांगते. तुमचे भाऊ म्हणतात मी हे बोलले, मला सगळं आठवत नाही. मी म्हटलं, "मला क्षमा करता येत नाही. मला वाटायचं, आधी माझं दुखणं थांबू दे, मग करते. पण त्याने केली तेव्हा खिळे हातातच होते. दुखणं थांबायची वाट बघितली नाही. मला कळत नाही त्याला कसं जमलं. ज्याला कळत असेल त्याने मला सांगा. आमेन."

आणि उतरले. एवढंच. पाळकसाहेबांनी माझ्यासाठी वीस मिनिटं धरली होती, त्यांना मध्ये दोन गीतं जास्त गायला लावावी लागली.

मला वाटलं, माझं झालं. मोहातून सुटले. पण खरा मोह पुढे होता.

पाचव्या वचनाला शिल्पा उठली. कागद आणला होता, तो उघडला, मग घडी केला. तोंड कोरडं पडलेलं. मग म्हणाली, "तहानेबद्दल बोलायच्या आधी मला एक सांगायचंय. आमच्या आईंच्या मातीच्या दिवशी ह्याच ठिकाणी माझ्याबद्दल जे बोललं गेलं..."

वन्सं, मला फक्त गप्प बसायचं होतं. दुसरं काही नाही. बाकावर बसून राहायचं, मान खाली घालायची, डोळ्याला पदर लावायचा. बाकी तिने सांगितलं असतं, तिच्या तोंडून, माईकवर. इतकी वर्षं जे पाहिजे होतं ते ताटात वाढून समोर आलं होतं आणि मला हातसुद्धा लावायचा नव्हता. मी बसले. खरं सांगते, तिचे पहिले चार शब्द मी ऐकले आणि मला लाडू खाल्ल्यासारखं गोड लागलं.

मग मी बाकीच्यांची तोंडं बघितली. सगळे पुढे वाकले होते. पाय मोडला म्हणून कुबडी घेऊन आलेले एकनाथराव सुद्धा वाकले होते. आपली मंडळी कशी आहे तुम्हाला ठाऊक आहे. प्रार्थना विसरतील, पण हे तिच्या मातीपर्यंत विसरले नसते. जिथे जाईल तिथे "तीच ती." मला आवडली असती अशी तिची फजिती. पण ते बघताना माझा जीव घाबरा झाला. का झाला ते मला विचारू नका.

माझ्या पिशवीत पाण्याची बाटली होती, तीन वाजल्यानंतरसाठी. मी ती काढली, उठले आणि तरातरा वर गेले. सगळ्यांसमोर झाकण उघडलं आणि तिच्या तोंडापुढे धरली. ती म्हणाली, "ताई, उपास." मी म्हटलं, "मी सांगते, पी." प्यायली. मग मी हळूच बोलले, माईक तिथेच होता हे मागून कळलं, "तहानेवर बोल. दुसरं काही बोललीस तर बघ."

ती तहानेवर बोलली. काय बोलली देव जाणे, मी रागात होते.

उपासना झाल्यावर पाळकसाहेब काय म्हणावेत? "दोघी जावांनी मिळून पाचव्या वचनाचं किती सुंदर प्रात्यक्षिक दाखवलं." सगळ्यांनी मान हलवली. एक बाई मला म्हणाली, आम्हाला आधी सांगितलं असतं तर आम्हीही काही बसवलं असतं. गंगूबाईला मात्र कळलं. तिने बाटली विसळून आणून दिली.

बाहेर गेटपाशी शिल्पा उभी होती. म्हणाली, "मला बोलू का नाही दिलं, ताई?" मी म्हटलं तुझी बस जाईल. ती म्हणाली, जाऊ दे बस. मग गेटपाशीच सांगितलं तिने. म्हणाली, त्या दिवशी पाळकसाहेबांनी नाव घेतलं तेव्हा पहिल्यांदा दचकले, मग फार गोड वाटलं. घरात कोणी मला चांगलं म्हटलंच नव्हतं, म्हणून बसून राहिले. ती खोटं बोलली असती, चूक झाली, घाबरले म्हणाली असती तर मला सोपं गेलं असतं. "गोड वाटलं" म्हणाली. मलाही आत्ता तासापूर्वी तेच गोड लागलं होतं.

आणि तिने अजून एक सांगितलं, जे तुमच्या पत्रात नव्हतं. मातीच्या रात्री तिने तुम्हाला फोन केला होता. सगळं सांगितलं होतं, सेवा मी नाही, ताईंनी केली, आता काय करू. आणि तुम्ही म्हणालात, दुःखाच्या घरात तमाशा नको, तू गप्प बस, मी जयवंताशी बोलते. तुम्ही बोलला नाहीत. म्हणजे आवाजाचा गोंधळ तुम्हाला माझ्या पत्रातून नाही, त्याच रात्री कळला होता. मोसंबी, निर्गुडी आणि महासागर. वन्सं, तुम्ही मेट्रन कशा झालात?

मंडळीला अजून वाटतं आईंची सेवा शिल्पाने केली. वाटू दे. ईस्टरला ती परत उठायला बघत होती, मी तिचा पदर धरून खाली बसवलं. तुमचे भाऊ विचारतात, आता बरं वाटतं का? मी म्हटलं नाही. रोज सकाळी उठून एकदा वाटतं, सांगून टाकावं. मग मिरच्या भाजायला घेते. तुम्हाला मात्र सगळं लिहिलं, म्हणजे थोडं चाखलंच मी. एवढं देवाने माफ करावं.

काल शिल्पा मसाल्याला मदत करायला आली. दगडफूल करपवलं. मी तिच्यावर ओरडले, असं ओरडले की खालची म्हातारी परत वर आली. शिल्पा पदर खोचून दुसरं दगडफूल निवडायला बसली आणि म्हणाली, "ओरडा, ताई, किती दिवस झाले."

आता राहिलात तुम्ही. तुमच्यासाठी मी प्रयत्न केला. दोन दिवस बसले. पण माफ करायला माझ्याकडे एकच रीत आहे आणि ती पत्रात होत नाही. कागदावर ओरडता येत नाही. तेव्हा मे महिन्यात जालन्याहून गाडीत बसा. खालचा बर्थ ह्यांनी बघून ठेवला आहे. स्टेशनवर आम्ही दोघी येऊ, तुम्हाला धरून उतरवू, घरी आणून आधी जेवू घालू. मग मी सुरू करेन. गुडघे दुखतात म्हणून मध्येच उठून जाता येणार नाही तुम्हाला, हे एक बरं आहे.

तुमची
जयवंता